थकलेपणाचा हिशेब

एखाद्या घरातल्या वृद्ध माणसाची चौकशी केली, की मराठीत एक उत्तर हमखास मिळते: ‘आता फार थकलेत हो.’ या थकण्याचा दिवसभराच्या श्रमाशी संबंध नसतो आणि रात्रभराच्या झोपेने ते उतरतही नाही. सांगणाऱ्याला म्हणायचे असते ते असे, की पूर्वी मंडईतून भाजी आणणारा माणूस आता कसाबसा फाटकापर्यंत जातो, जेवण निम्म्यावर आले आहे, अंगावरचे कपडे ढगळ होत चालले आहेत आणि साध्या सर्दीतापानेही आठ-पंधरा दिवस अंथरूण धरावे लागते. बोलीने एका क्रियापदात जे सगळे साठवून ठेवले, ते वैद्यकशास्त्राने स्वतंत्र अवस्था म्हणून गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच नीट ओळखले. इंग्रजीत तिला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. मराठीत दुर्बलता, क्षीणता, जर्जरता असे शब्द सुचवता येतात, पण त्यांतला एकही पुरता बसत नाही. अशक्तपणा तापानंतर तरुणालाही येतो. जर्जर म्हटले की माणूस शेवटच्या पायरीवर उभा असल्यासारखे वाटते. ‘थकलेपण’ हा शब्द मला योग्य वाटतो. तो लोकांच्या तोंडी आहे, आणि ही अवस्था एका दिवसात येत नाही, हळूहळू घडत जाते, हा अर्थ त्यात आपोआप येतो. मात्र बोलीतल्या वापरात त्याला एक शेपूटही जोडलेले असते: ‘थकलेत, वय झालं.’ या प्रस्तावनेतला वाद आहे तो या शेपटाशी. वय होणे आणि थकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, थकलेपण मोजता येते, त्यातला मोठा भाग आपल्याच हातून घडतो आणि त्यातला काही भाग उलट फिरवता येतो, असे सांगणारा पुरावा आता भरपूर साठला आहे. तो मान्य केला, तर ‘वय झालं’ म्हणून चौकशी थांबवण्याचा हक्क डॉक्टरांना राहत नाही आणि घरच्यांनाही राहत नाही.

या विचाराची सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही. ती लंडनच्या पश्चिमेकडच्या एका रुग्णालयाच्या उपेक्षित खोल्यांत झाली. १९३५ साली वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाच्या ताब्यात शेजारच्या जुन्या गरीबगृहाचा दवाखाना आला. गरिबांसाठीच्या कायद्याखाली चालणाऱ्या त्या संस्थेत ७१४ रुग्ण होते आणि त्यांतले बहुतेक म्हातारे, अंथरुणाला खिळलेले होते. ‘जुनाट आजारी’ एवढीच त्यांची ओळख होती. कोणाला पक्षाघात झालेला, कोणाचे हाड मोडून वाकडे जुळलेले, कोणी नुसतेच अशक्त, आणि अनेकांच्या बाबतीत ते इथे का आले हेच कोणाला सांगता येत नव्हते. मार्जरी वॉरेन या शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरबाईंकडे हे रुग्ण सोपवले गेले. त्यांनी जे केले ते आज अगदी साधे वाटते: प्रत्येक रुग्णाची तपासणी केली, निदान केले, वेगवेगळ्या गरजांच्या माणसांना वेगवेगळ्या कक्षांत ठेवले, भिंतींना उजळ रंग आणि खोल्यांना पुरेसा प्रकाश दिला, आणि जे उठू शकतील त्यांना उठवून उभे केले, चालायला लावले. वर्षानुवर्षे पडून असलेल्या अनेकांना घरी परतता आले. १९४३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी आपला अनुभव मांडला आणि वृद्धांची वैद्यकीय शाखा स्वतंत्र असावी अशी मागणी केली. या शाखेला ‘जेरिअॅट्रिक्स’ हे नाव न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ सालीच दिले होते, पण नावात जीव ओतला तो वॉरेन यांनी. त्यांच्या कामातला खरा धक्का माझ्या मते बऱ्या झालेल्या रुग्णांच्या संख्येत नाही. ही माणसे म्हातारी होती म्हणून अंथरुणावर नव्हती, अंथरुणावर ठेवली होती म्हणून अशी झाली होती, हे त्यांनी दाखवून दिले. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती, आणि कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

थकलेपण म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला शिलकीची कल्पना उपयोगी पडते. तरुण शरीरात प्रत्येक अवयवाची क्षमता रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, स्नायू, मेंदू यांच्याकडे गंगाजळी असते आणि ताप, अपघात, उपासमार अशा प्रसंगी शरीर तीतून उचल करते. वयाबरोबर ही गंगाजळी कमी होते, पण सगळ्यांची सारख्या वेगाने होत नाही. ती फार खाली गेलेला माणूस एरवी ठीक दिसतो. हिंडतो, फिरतो, बोलतो. मग मूत्रमार्गाचा साधा संसर्ग होतो, किंवा झोपेची एखादी नवी गोळी सुरू होते, आणि तो माणूस भ्रमात जातो, पडतो, चालेनासा होतो. आघात किरकोळ आणि परिणाम एवढा मोठा, ही विसंगती थकलेपणाची सर्वांत भरवशाची खूण आहे. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील ५,३१७ जणांच्या अभ्यासातून २००१ साली थकलेपणाची पाच लक्षणे निश्चित केली: न ठरवता घटलेले वजन, स्वतःला जाणवणारा थकवा, हाताच्या मुठीची कमी झालेली ताकद, मंदावलेली चाल आणि एकूण हालचालीतली घट. पाचपैकी तीन किंवा अधिक असतील तर माणूस थकलेला, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. सात वर्षांत थकलेल्यांपैकी ४३ टक्के मरण पावले, ज्यांच्यात एकही लक्षण नव्हते त्यांच्यापैकी १२ टक्के. या अभ्यासातली दुसरी एक नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. थकलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा असा होता की ज्याला ना दैनंदिन व्यवहारात अपंगत्व होते, ना एकाहून अधिक जुने आजार. म्हणजे थकलेपण हे आजारांच्या बेरजेचे दुसरे नाव नाही. आजारांच्या यादीत ते सापडले नाही, तरी माणूस थकलेला असू शकतो.

कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात केनेथ रॉकवूड हे वैद्य आणि अर्नोल्ड मिटनित्स्की हे गणिती दुसऱ्या बाजूने त्याच प्रश्नाकडे आले. त्यांचे म्हणणे असे, की पाचच लक्षणे कशाला? शरीरातल्या उणिवा मोजा. दिसणे, ऐकणे, चालणे, स्मरण, जुने आजार, रक्ततपासणीतले बिघाड अशा पाऊणशे-शंभर गोष्टींची यादी करा आणि त्यांतल्या किती एका माणसात आहेत याचे प्रमाण काढा. यादीत नेमके काय आहे याला फारसे महत्त्व नाही. ती पुरेशी लांब असली की उत्तर जवळपास सारखेच येते. हे प्रमाण ०.७ च्या आसपास पोहोचले, की त्यापुढे क्वचितच कोणी जगते. जणू शरीराला उणिवा सोसण्याची एक मर्यादा आहे. या दोन पद्धतींच्या पुरस्कर्त्यांत दोन दशके वाद चालू आहे आणि तो निरर्थक नाही, कारण दोघे दर वेळी त्याच माणसांवर बोट ठेवत नाहीत. तरी एका बाबतीत दोघांचेही एकमत आहे: जन्मतारीख सांगून जेवढे कळते, त्यापेक्षा या मोजणीतून कितीतरी जास्त कळते. ऐंशी वर्षांचा एक माणूस पन्नाशीतल्या माणसासारखा शस्त्रक्रियेतून उठतो आणि पासष्टीतला दुसरा उठत नाही, याचे उत्तर वयात सापडत नाही, ते इथे सापडते. मोजायला महागडी यंत्रेही लागत नाहीत. चालण्याचा वेग मोजायला घड्याळ आणि चार-पाच मीटरची मोकळी जागा पुरते. वेगवेगळ्या नऊ अभ्यासांतल्या ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र करून स्टेफनी स्टुडेन्स्की यांनी २०११ साली दाखवले की नुसत्या चालीच्या वेगावरून आयुर्मानाचा बराच अंदाज बांधता येतो. ब्राझीलमधल्या क्लाउदिओ जिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसून, शक्यतो हात-गुडघे न टेकता उठायला सांगितले; ज्यांना जास्त आधार लागला त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त आढळले. पंगतीत मांडी घालून जेवणाऱ्या आणि पाटावरून उठणाऱ्या समाजाला ही चाचणी कधीच परकी नव्हती. घरातला सोफा आणि जेवणाचे टेबल सोयीचे आहे, पण दिवसातून आठ-दहा वेळा न मागता होणारा मांड्यांचा व्यायाम त्यांनी काढून घेतला, हेही ध्यानात ठेवावे.

आता उलट फिरण्याचा प्रश्न. या प्रस्तावनेचा सगळा भार त्यावर आहे. केस पिकतात ते काळे होत नाहीत; मग थकलेपण तरी कमी कसे होईल, ही शंका स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या न्यू हेवन परिसरातल्या सत्तरीपुढच्या ७५४ जणांचा थॉमस गिल यांनी दर १८ महिन्यांनी मागोवा घेतला, तेव्हा साडेचार वर्षांत निम्म्याहून अधिक लोकांची अवस्था एकदा तरी बदललेली दिसली. बहुतेक बदल वाईटाकडे होते, पण सगळे नव्हते; काही माणसे थकलेपणातून परतही आली होती. हे आपोआप घडलेले. मुद्दाम प्रयत्न केला तर काय होते, याचे उत्तर मारिया फियातारोने यांनी बोस्टनमध्ये दिले. १९९० साली त्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, ज्यांचे सरासरी वय नव्वद होते, आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. हलकाफुलका नव्हे, ज्याला जेवढे झेपेल त्याच्या कमालीच्या जवळ जाणारा. जे शेवटपर्यंत टिकले त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी स्नायू वाढतो, यावर तोवर कोणी विश्वास ठेवला नसता. दहा माणसांचा प्रयोग छोटाच म्हणायचा, म्हणून १९९४ साली त्यांनी तो शंभर जणांवर, तुलनेसाठी स्वतंत्र गट ठेवून, पुन्हा केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, चाल सुधारली, जिना चढण्याची शक्ती वाढली. त्याच प्रयोगात काहींना फक्त पौष्टिक पेय दिले होते आणि त्यांच्यात फरक पडला नाही. आपल्याकडे थकलेल्या माणसाला भेटायला जाताना डबाभर पावडर नेण्याची पद्धत आहे. तिच्यामागची माया खरी आहे, पण स्नायूला वापराचे निमित्त दिल्याशिवाय पावडरीचा उपयोग होत नाही.

उलट दिशेचा पुरावा तर याहून बोलका आहे. पॅट्रिक कोर्टेबाइन यांच्या गटाने सरासरी ६७ वर्षांच्या, पूर्ण निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस फक्त अंथरुणावर ठेवले. आजार नाही, ताप नाही, जेवण व्यवस्थित. दहा दिवसांत पायांतले सुमारे एक किलो मांस गेले. निरोगी माणसाचे असे होते, तर न्यूमोनिया झालेल्या, भूक मेलेल्या, सलाइन आणि मूत्रनळी लावून खाटेला बांधल्यासारख्या पडलेल्या पंचाऐंशीच्या आजीचे काय होत असेल? केनेथ कोविन्स्की यांनी २००३ साली सत्तरीपुढच्या २,२९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयातून घरी जाताना त्यांच्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक अंघोळ, कपडे, शौच अशा काही ना काही बाबतीत आजारापूर्वीपेक्षा परावलंबी झाले होते. ज्या आजारासाठी दाखल केले तो बरा झाला, आणि माणूस मात्र अधिक थकून घरी आला. हे अटळ नाही. स्पेनमध्ये पॅम्प्लोना इथे सरासरी ८७ वर्षांच्या ३७० रुग्णांपैकी निम्म्यांना दाखल असतानाच दिवसातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम दिला गेला. घरी जाताना त्यांची शारीरिक क्षमता दाखल झाल्यापेक्षा चांगली होती, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांची रोजच्या व्यवहारातली क्षमता घटलेली होती. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉरेन यांच्या कक्षांनंतर ८४ वर्षांनी वैद्यकाला तीच गोष्ट पुन्हा सिद्ध करावी लागली.

रुग्णालयाबद्दल हे म्हणणे सोपे आहे. घराबद्दल म्हणणे अवघड, कारण तिथे प्रश्न मायेचा असतो. आपल्याकडे वृद्धांची सेवा म्हणजे त्यांच्या हातातले काम काढून घेणे, अशी पक्की समजूत आहे. ‘आयुष्यभर खूप केलंत, आता स्वस्थ बसा.’ पाण्याचा तांब्या हातात, चहा जागेवर, अंघोळीचे पाणी कोणीतरी काढून दिलेले. जो मुलगा असे करतो तो चांगला मुलगा, जी सून सासूला भाजी निवडू देते तिच्याकडे शेजारी वेगळ्या नजरेने बघतात. त्यात पडण्याची भीती मिसळते: एकदा पाय घसरला की त्यानंतर एकटीने बाहेर जाणे बंद, जिना बंद, देवळात जाणे बंद. पडू नये म्हणून बसवलेल्या माणसाच्या मांड्या वाळतात, तोल जातो, आणि पुढचे पडणे जास्त जवळ येते. आहाराचेही तसेच. दात गेले म्हणून मऊ भात, पचत नाही म्हणून वरणाचे पाणी, रात्री दूध-पोळी, अधूनमधून खारी-चहा, आणि चतुर्थी, एकादशी, सोमवार असे उपास साबुदाण्यावर. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्या खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटातून येतात. वृद्ध शरीराला स्नायू टिकवायला तरुणापेक्षा जास्त प्रथिने लागतात. २०१३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम असे प्रमाण सुचवले आणि आजारपणात त्याहून जास्त. पन्नास किलोच्या आजीबाईंना म्हणजे ५०-६० ग्रॅम. वरणाच्या पाण्यातून ते कसे भरून निघणार? घट्ट वरण, दही, अंडे चालत असेल तर अंडे, भिजवून शिजवलेली कडधान्ये यांना मायेचा पर्याय म्हणून नव्हे, मायेचाच भाग म्हणून ताटात जागा मिळायला हवी.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. हे सगळे सोफ्यावर बसलेल्या मध्यमवर्गाचे बोलणे झाले. ज्या बाईने चाळीस वर्षे निंदणी-खुरपणी केली, डोक्यावरून पाणी वाहिले, ऊसतोडीला गेली, तिला व्यायाम कसला सांगता? ती तर हालचालीनेच झिजली. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या मुद्द्याला खोडत नाही, खोल नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ ते २०१० या काळात सहा देशांत पन्नाशीपुढच्या लोकांचा जो अभ्यास केला, त्यात भारताचाही समावेश होता आणि भारतातल्या निवडक राज्यांत महाराष्ट्र होता. उणिवांच्या प्रमाणाने मोजले तेव्हा त्या सहा देशांत थकलेपण भारतात सर्वांत जास्त निघाले. पाहणीतल्या निम्म्याहून अधिक माणसांत. अशा आकड्यांना सांभाळून घ्यावे लागते, कारण त्यांत स्वतः सांगितलेल्या तक्रारींचा वाटा मोठा असतो. पण त्यातून एवढे निश्चित दिसते, की कष्टकरी देशात माणसे कमी वयात थकतात. श्रम आणि बळ या एकच गोष्टी नाहीत. पोटात पुरेसे असताना, विश्रांतीसह केलेल्या हालचालीने स्नायू वाढतो. अर्धपोटी, आजारात, बाळंतपणानंतर लगेच केलेल्या कष्टाने तोच स्नायू शरीर इंधन म्हणून जाळते.

शिवाय गंगाजळीचा पहिला हप्ता जन्माआधीच भरला जातो. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात मार्गरेट बर्नसाइड या आरोग्य अधिकारी बाईंच्या देखरेखीखाली १९११ पासून सुइणी आणि परिचारिका प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि एक वर्षाचे वजन वहीत लिहीत होत्या. त्या वह्या टिकल्या. पुढे ती बाळे साठी-सत्तरीला आल्यावर अव्हान सेयर आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या मुठीची ताकद मोजली, तेव्हा ज्यांचे एक वर्षाचे वजन कमी होते त्यांची पकड म्हातारपणीही कमी भरली. पुण्याजवळच्या गावांत चित्तरंजन याज्ञिक यांनी नवजात बाळांची मोजमापे घेतली. त्यांचे सरासरी वजन होते २.७ किलो, आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. या फरकात चरबीची तूट थोडी होती, स्नायूंची जास्त. ही दोन संशोधने शेजारी ठेवली, की पुण्याच्या खेड्यातली कमी वजनाची मुलगी सत्तर वर्षांनी कशी म्हातारी होईल याचे चित्र डोळ्यांपुढे येते आणि अंगावर काटा उभा राहतो. वृद्धांचे आरोग्य हा वृद्धांच्या खात्याचा विषय मानणे किती अपुरे आहे, हे त्यातून कळते. अंगणवाडीतला आहार, मुलीचे लग्नाचे वय, गरोदर बाईचे ताट हे सगळे थकलेपणाच्या हिशेबात येते. त्या कष्टकरी बाईला व्यायाम नको आहे असे नाही. तिला आधी पोटभर प्रथिने हवीत, गुडघ्यावर आणि डोळ्यांवर उपचार हवेत, आणि थांबण्याची मुभा देणारे निवृत्तिवेतन हवे.

दुसरा आक्षेप विचारांच्या पातळीवरचा आहे. म्हातारपण नैसर्गिक आहे; त्याला रोग ठरवून माणसांना दवाखान्याच्या दारात कशाला उभे करायचे? पिकले पान गळायचेच, आणि ते शांतपणे गळू देण्यात एक शहाणपण आहे, असे आपली परंपराही सांगते. हे मला मान्य आहे, आणि मृत्यू लांबवण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे असे कोणी समजू नये. पण त्याच परंपरेत सुश्रुताने जरेला भूक, तहान, झोप, मृत्यू यांच्या पंगतीत स्वाभाविक म्हणून बसवतानाच तिचे दोन भाग केले आहेत: काळाने येणारी आणि अकाली येणारी. निगा राखूनही येते ती पहिली, निगा न राखल्याने येते ती दुसरी. आजच्या संशोधनाने केले ते हेच वर्गीकरण आकड्यांत मांडण्याचे काम. काळाने येणाऱ्या जरेशी कोणाचे भांडण नाही. अकाली आलेलीला काळाची म्हणून स्वीकारणे हा शहाणपणा नव्हे, ती दुर्लक्षाला दिलेली सवलत आहे.

तिसऱ्या आक्षेपाची भीती मला स्वतःला वाटते. थकलेपण मोजायला लागलो, की ते मोजमाप माणसाविरुद्ध वापरले जाईल. हे घडलेही आहे. मार्च २०२० मध्ये इंग्लंडमध्ये करोनाच्या रुग्णांपैकी अतिदक्षता विभागात कोणाला घ्यावे, यासाठी रॉकवूड यांच्या नऊ पायऱ्यांच्या मापनश्रेणीचा आधार घेण्याची सूचना निघाली. रोजच्या कामांत मदत लागणारा माणूस त्या श्रेणीत वर चढतो, म्हणून जन्मतः बौद्धिक अपंगत्व असलेले तरुणही थकलेले ठरू लागले. त्यांच्या कुटुंबांनी आणि संस्थांनी आवाज उठवला आणि थोड्याच दिवसांत सूचना बदलावी लागली: ६५ वर्षांखालच्यांना आणि स्थिर स्वरूपाचे अपंगत्व असलेल्यांना हे माप लावू नये. या प्रसंगातून मोजमापच टाकून द्यावे असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो पटत नाही. मोजमाप नसते तेव्हा निवड थांबत नाही. ती वयावर होते, पैशावर होते, डॉक्टरांच्या नजरेवर होते, आणि तिची नोंदही राहत नाही. मात्र एक अट असायला हवी. थकलेपण ओळखले, की त्यापाठोपाठ काहीतरी देणे बंधनकारक असावे: औषधांची फेरतपासणी, आहार, व्यायाम, चष्मा, श्रवणयंत्र, मनाची चौकशी, घरच्यांशी बोलणे. वैद्य, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून केलेल्या अशा सर्वांगीण तपासणीचे २९ प्रयोग आणि १३,७६६ रुग्ण यांचा आढावा २०१७ साली कॉक्रेन संस्थेने घेतला. ज्यांना ती मिळाली ते तीन ते बारा महिन्यांनंतर जिवंत आणि स्वतःच्या घरात असण्याची शक्यता जास्त आढळली. देण्यासारखे काही नसताना नुसता शिक्का मारणे, हे मात्र न मोजण्यापेक्षा वाईट.

या संशोधनाची उत्साहाने ओळख करून देताना त्याची मापे फुगवून सांगणे हा वाचकावर अन्याय ठरेल. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ या प्रयोगात ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांना सरासरी २.६ वर्षे नियमित व्यायाम किंवा नुसते आरोग्यशिक्षण दिले. ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावली ती शिक्षण मिळालेल्यांपैकी ३५.५ टक्क्यांनी आणि व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्क्यांनी. युरोपातल्या ‘स्प्रिंट’ प्रयोगाचे उत्तरही असेच, शंभरामागे पाच-सहा माणसांच्या फरकाचे. चमत्कार कुठेच नाही. व्यायाम करूनही कित्येकजण थकले. पण शंभरातली ही पाच माणसे म्हणजे स्वतःच्या पायांनी दुकानापर्यंत, देवळापर्यंत, शौचालयापर्यंत जाणारी पाच माणसे, आणि त्यांना सांभाळण्यासाठी नोकरी न सोडावी लागलेल्या पाच मुली-सुना. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या कित्येक गोळ्या याहून लहान फायद्यासाठी आपण आयुष्यभर बिनतक्रार घेतो.

भारतात २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे १० कोटी ३८ लाख होती. २०५० पर्यंत ती ३४ कोटींच्या पुढे जातील, असा अंदाज आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या सुमारे ७२ हजार भारतीयांची पाहणी केली, त्यात मुठीची ताकद आणि चाल मोजली. म्हणजे माहिती आपल्याकडे जमू लागली आहे. धोरणाने अजून तिची दखल पुरती घेतलेली नाही. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरील गरजूंना तीन हजार रुपये देते. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा घेता येतो. योगोपचार केंद्राचाही उल्लेख त्यात आहे. या वस्तू हव्यातच. चष्म्याअभावी पडणारे किती असतील! पण यादीचा भर आहे गेलेली शक्ती भरून काढण्यावर. असलेली टिकवण्यासाठी, गावातल्या उपकेंद्रात आठवड्यातून दोनदा दहा-बारा म्हाताऱ्यांना खुर्चीवरून उठायला-बसायला लावणारा माणूस मात्र त्यात नाही. त्याला यंत्र लागत नाही, प्रशिक्षण लागते.

आणि रुग्णालयात त्याहूनही कमी लागते. केस पेपरवर वयाचा रकाना असतो. रॉकवूड यांची श्रेणी वापरणाऱ्याला पहिली सूचना अशी असते, की समोर खाटेवर पडलेला माणूस बघून पायरी ठरवू नका. दोन आठवड्यांपूर्वी तो कसा होता ते विचारा. म्हणून वयाच्या शेजारी आणखी एक रकाना हवा, सोबत आलेल्या नातेवाइकाला विचारून भरायचा: पंधरा दिवसांपूर्वी आजी स्वतः उठून कुठवर चालत जात होत्या?